गोलकीपर पद्माक्का

आमच्या कॉलेजात पद्माक्का कुणालाही कुठलीच वस्तू हातात देत नाहीत. फेकतात. मस्टर, किल्ल्या, केळी, एकदा तर शेंगाचटणीची बरणी. मी ग्रंथपाल. अक्का दारातूनच "सर, पुस्तक!" म्हणतात आणि मी एका हातानं चष्मा सांभाळत दुसऱ्या हातानं झेलतो. प्राचार्यांनी एकदा समज दिली, तर म्हणाल्या, "हातात दिलं की हात झोपतात की, सर. तुमचे बघा, कधीचे झोपलेत." तेव्हापासून प्राचार्यांनी काचेचा पेपरवेट कपाटात ठेवलाय.

अक्कांचं घर विणकरांचं, घरची बोली तेलुगू. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे आवाज असा, की जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमधून त्या शेजारच्या बिल्डिंगीतला कुकर बंद करायला लावतात. "आमच्यात हळू बोलणाऱ्याला वाढत नव्हते!" शाळेत असताना त्या पोहायला गेल्या, तिथल्या सरांनी तो आवाज ऐकला आणि थेट वॉटरपोलोच्या गोलात उभं केलं. उभं म्हणजे काय, तळाला पाय न टेकता पाण्यावर छाती काढून राहायचं, बॉल अडवायचा आणि पुढच्या सहाजणींना ओरडून जागा सांगायच्या. अक्का राज्याच्या संघापर्यंत पोचल्या. दोनदा नाक मोडलं, ते त्या आजही मेडलसारखं दाखवतात. पुढं खांदा गेला, खेळ सुटला, आणि आमच्या कॉलेजनं त्यांना मुलींची कोच म्हणून घेतलं. मुलाखतीत म्हणाल्या होत्या, "खांदा गेला, घसा आहे की!"

यंदाची त्यांची गोलकीपर मैंदर्गीची रेणुका, शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिचे वडील पोरीला परत न्यायला आले. "पव्हायला शहर कशाला? आमच्या हिरीला पानी न्हाय व्हय?"

अक्का म्हणाल्या, "हाय की, काका. पण हिरीत हिच्यावर बॉल कोण मारनार? तुमी?"

वडील हसले आणि एकटेच परत गेले.

आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याला टॉवेल सांभाळायला म्हणून मीही गेलो होतो. बरोबरी, शेवटचं अर्धं मिनिट, आणि समोरच्या संघाला पेनल्टी. समोर उंच, दांडगी मुलगी. अक्का ओरडल्या, "बॉल बघ गं, पोरगी बघू नको!" रेणुका कमरेपर्यंत पाण्याबाहेर आली, दोन्ही हातांनी बॉल अडवला आणि लगेच लांब फेकला. पलीकडं आमच्या कॅप्टननं तो गोलात मारला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो!

सगळ्या मुली कॅप्टनकडं झेपावल्या. काठावरून आम्हीही तिकडंच धावलो. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. वळून बघतो तर अक्का बुटांसकट, ट्रॅकसूटसकट पाण्यात. पार दुसऱ्या टोकाला गोलचा दांडा धरून रेणुका एकटीच हुंदके देत होती. अक्कांनी पोहत जाऊन तिला कवेत घेतलं.

नंतर पायरीवर रेणुकाला शेजारी घेऊन त्या बाह्या पिळत बसल्या. मी म्हणालो, "अक्का, बक्षीस घ्यायला असंच जाणार?"

"सर, मी बारा वर्षं गोलात होते. जिंकलं की सगळ्या त्या टोकाला पळतात. त्यांची चूक नाही, गोल तिकडं होतो." त्यांनी दुसरी बाही पिळली. "पण इकडं एकटीनंच हसायचं म्हणजे लई अवघड असतंय, सर."

माईकवर आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं. अक्का उठल्या नाहीत. माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि रेणुकाचे केस पुसत राहिल्या.