वरची माती वर

आमच्या बाईंनी जन्मात एकही खड्डा उघडा टाकून घर गाठलं नाही. एकच टाकला. त्यावर ताडपत्री ओढायचं काम, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. दोन कोपरे तिनं धरले, दोन मी. वारं होतं. ती म्हणाली, "सर्जेराव, ओढा की. अंतरपाट धरल्यासारखं काय धरलंय." मी ओढली, कडेनं दगड ठेवले, चार खुंट्यांना लाल-पांढरी पट्टी बांधली आणि आम्ही गाडीत बसलो. संध्याकाळी ती गेली.

बाई म्हणजे माझी बायको, सुलभा. बाई म्हणतो ते लाडानं नाही. माती तपासायच्या सरकारी खात्यात ती साहेब होती आणि मी तिच्या जीपचा ड्रायव्हर. माझी शाळा सातवीत सुटली. तिच्या नावामागं डॉक्टर लागायचं. लग्नाचं तिनंच विचारलं, घाटात टायर बदलत होतो तेव्हा. तिचा भाऊ म्हणाला, "ड्रायव्हरशी लग्न करतेस?" ती म्हणाली, "तो गाडी चांगली चालवतो. तू काय चांगलं करतोस ते सांग." भाऊ अजून विचार करतोय. लग्नानंतरही ती मला 'सर्जेराव, तुम्ही' आणि मी तिला 'बाई, तुम्ही'. लोक हसायचे. हसू देत. ज्यांनी एकमेकांना अरे-तुरे केलं त्यांचे संसार काय सोन्याचे झाले ते मी बघितलंय.

तिचं काम असं. रानात माणूसभर खड्डा खणायचा, एक भिंत सुरीनं साफ करायची आणि त्या भिंतीवरचे मातीचे थर वाचायचे. वाचून झाले की खड्डा भरायचा. बाकीचे साहेब वाचून निघून जायचे. बाई भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरायचं ते कसंही नाही. खणतानाच वरची माती एका ढिगात, मधली दुसऱ्या, खालची तिसऱ्या. भरताना खालची खाली, वरची वर. एक घमेलं चुकलं तर परत उपसायला लावायची. "सर्जेराव, तुमचं डोकं काढून पायाला लावलं तर चालेल का?" मी म्हणायचो, "तुमच्या खात्यात चाललं असतं."

एकदा दुसऱ्या पथकाच्या उघड्या खड्ड्यात धनगराची मेंढी पडली, तंगडी मोडली. बाईंनी त्या पथकाच्या साहेबाला त्याच खड्ड्यात उतरवलं आणि म्हणाली, "आता कुणाचा हात न धरता वर या." साहेब ढेरपोटे होते. धनगर बिडी ओढत बघत बसला. मेंढीचं दुःख तो जरा विसरला.

हे खूळ घरातही होतं. बॅग भरायची तर थरानं. विमानतळावर एका जवानानं तिची बॅग उघडली, सगळं टेबलावर पसरलं आणि म्हणाला, जा. बाई जागची हलली नाही. "ज्या क्रमानं काढलंत त्या क्रमानं भरा." मागं रांग तुंबली. त्यानं बिचाऱ्यानं साड्या खाली, चकलीचा डबा मध्ये, शाल वर, असं सगळं लावलं. चकली बरोबर मधल्या थरात आली म्हणून तिनं त्याला एक दिली.

आमची मंजिरी नेदरलँड्सला आल्मेरेत राहते. उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडं यायचो. तिच्या शेजारणीच्या वाढदिवसाला गेलो. इथं वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसतात आणि ज्याचा वाढदिवस नाही त्याचंही अभिनंदन करतात. केक आला. बाईंनी सुरी घेऊन उभा सरळ काप घेतला, चष्मा वर केला आणि मला म्हणाली, "मधला थर भिजलाय, निचरा नाही." शेजारणीनं विचारलं, काय म्हणते? मंजिरी म्हणाली, छान झालाय म्हणते.

आल्मेरेची जमीन बाईंना मान्यच नव्हती. ही सगळी समुद्र हटवून काढलेली. मंजिरीच्या परसात बाईंनी गुडघाभर खणलं तर करडी चिखलमाती आणि शिंपल्या. नावाला खडा नाही. "ही जमीन माझ्यापेक्षा वयानं लहान आहे, सर्जेराव. हिला काय विचारायचं? हिनं अजून काही बघितलेलंच नाही." मी म्हणालो, "तिच्यावर तुमची लेक राहते, जरा गोड बोला." ती म्हणाली, "लेकीशी बोलते की. जमिनीशी नाही."

मग एक दिवस आम्ही बांधावर फिरायला गेलो. समुद्राचं पाणी अडवायला इथं नदीकाठच्या घाटासारखा लांब बांध घातलाय. त्याच्या उतारावर काळे दगड उभे ठोकलेत, सहा-सहा कोनांचे, ओळीनं. बाई वाकली आणि हात लावून तशीच राहिली. मला वाटलं कंबर धरली. तर म्हणते, "काळा पाषाण. आपल्याकडचा." मी म्हणालो, "सासवडचा असेल." ती म्हणाली, "नाही, पण त्याचा चुलत भाऊ आहे." झालं. ज्या देशात दगड नाही त्या देशात हा आला कुठून? मंजिरीनं मोबाईलवर शोधलं. इथं येणाऱ्या मोठ्या नदीच्या वरच्या अंगाला, सीमेपलीकडं जर्मनीत, जुने ज्वालामुखी आहेत. तिथल्या खाणीतून होड्यांनी आला.

त्या रात्रीपासून घरात दुसरा विषय नाही. त्या डोंगरात काळा दगड कुजून मुरूम झालाय. त्या मुरमावर नंतरच्या स्फोटाची राख पडलीय. त्या राखेची माती झाली आणि तिच्यावर जंगल उभं आहे. मी म्हणालो, "मुरूम आपल्या घरामागं ट्रकनं मिळतो. त्याच्यासाठी देश ओलांडायचा?" ती म्हणाली, "मुरमासाठी नाही. त्याच्या डोक्यावर काय ठेवलंय ते बघायला." परवानगीसाठी तिनं तिथल्या जंगल खात्याला इतक्या मेल केल्या की त्यांनी कंटाळून हो म्हटलं असणार. सत्तरी ओलांडलेली बाई आणि तिचा ड्रायव्हर, एक खड्डा, हातानं खणायचा, होता तसा भरायचा.

मंजिरीची गाडी घेऊन गेलो. माझं लायसन्स पाहुण्याला इथं चालतं, आणि न चालतं तरी मी नेली असती. तीन तास लागतात. सीमा कधी गेली कळत नाही, फक्त डोंगर दिसायला लागले की बाई सरळ होऊन बसली.

जंगलातली ती माती मी आयुष्यात बघितली नव्हती. वरची काळी, पानांच्या कुजीची. खाली तपकिरी, भाजलेल्या रव्यासारखी हलकी. फावड्याला वजनच लागेना. बाई म्हणाली, "राख म्हणजे चुलीतली नव्हे. हा काचेचा भुगा आहे, तो कुजून ही झालीय." तिनं मूठभर माझ्या हातावर ठेवली. कोरडी. "आता दाबा आणि चोळा." मी दाबली, चोळली आणि तळहात ओला झाला. पाणी सुटलं. बाई अशी हसली की जणू तिनंच आत भरून ठेवलं होतं. "आपली काळी माती पाणी पिते, फुगते, भेगाळते, गावभर बोभाटा करते. ही पिते आणि कुणाला सांगत नाही." मग म्हणाली, "पण हिला एकदा पुरतं सुकू दिलं की संपलं. मग वरनं कितीही ओता, पहिल्यासारखं पाणी धरत नाही. म्हणून लगेच झाकायची."

त्याच्याखाली पिवळट तांबडा मुरूम लागला. अगदी आपला. बाई खड्ड्यात बसली आणि त्याच्यावरनं हात फिरवत राहिली. मी वर गाडीच्या बंपरवर बसलो होतो. खणून दम लागला होता. तसा वयाला लागतोच.

ऊन कलायला लागलं तशी ती वर आली. मी फावडं घेतलं. ती म्हणाली, "राहू द्या. उद्या भरू."

मी म्हणालो, "काय?"

"भिंतीवर सकाळचं ऊन पडलं की रंग एकदा परत बघायचेत. ताडपत्री टाका. एका रात्रीत सुकत नाही ती."

तीन तास जायचं, उद्या परत तीन तास यायचं, रंग बघायला. पण साहेबाला ड्रायव्हर काय विचारणार. ताडपत्री ओढली.

घरी आलो. ती आमटी-भात जेवली. खुर्चीत बसून मोजे काढायला लागली. एक काढला. दुसरा राहिला. बाहेर अजून ऊन होतं, इथं उन्हाळ्यात जेवणं झाली तरी ऊन असतं. डॉक्टर आला, म्हणाला, हृदय. मी त्याला म्हणालो, दम मला लागला होता. मंजिरीनं ते त्याला सांगितलं नाही.

इथं आपल्यासारखं नाही. आपल्याकडं माणूस गेलं की त्याच दिवशी नेतात. इथं कायद्यानं थांबावं लागतं. माणसं येऊन तिला थंड खोलीत घेऊन गेली. मंजिरी फोनवर. इथल्या मराठी मंडळातली माणसं खिचडी घेऊन आली. मी म्हणालो, "उद्या सकाळी मला गाडी लागेल. खड्डा उघडा आहे."

मग मंडळाचा एक पाटणकर म्हणून आहे, कॉम्प्युटरवाला, तो हळू आवाजात म्हणाला, "काका, प्रॅक्टिकली बघा. मी जंगलवाल्यांना फोन करतो. ते मशीन आणून पाच मिनिटांत भरतील."

"मशीन वरचं खाली करतं."

"काका, आता त्यानं काय फरक पडतो?"

"तुला पडत नाही. तू कॉम्प्युटर बघ."

एक बाई म्हणाल्या, "काका, सुतकात असं घराबाहेर पडू नये. लोक काय म्हणतील, बायको तिथं आणि हे रानात."

मी म्हणालो, "लोकांना सांगा, ती जिथं आहे तिथं मला बसू देत नाहीत. खुर्चीसुद्धा नाही. मला जिथं काम आहे तिथं मी जाणार. देवानं मला विचारून नेली नाही. मी त्याला विचारून फावडं उचलणार नाही."

हे मी लिहितोय ते त्याच लोकांसाठी. मंडळात अजून बोलतात. बोला.

सकाळी मंजिरी दारात उभी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, मी येते."

"तुला सह्या करायच्यात. तुझ्या आईचे कागद आहेत."

"तुम्हाला दम लागतो."

"लागू दे. मला आहे अजून दम लागायला."

तिनं किल्ली हातात दिली. शेजारची सीट मी सगळा रस्ता रिकामी ठेवली नाही. तिच्यावर फावडं ठेवलं.

जंगलात कुणी नव्हतं. ताडपत्री तशीच होती, खाली ओल होती, माती सुकली नव्हती. ऊन बरोबर भिंतीवर आलं. म्हटलं, बाईंना बघायचे होते ते रंग आपण बघावे. मला काय कळणार, पण बघावे. कधी नव्हे तो भिंत वाचायला खड्ड्यात उतरलो.

भिंत राहिलीच नव्हती. वरपासून खालपर्यंत तिनं नमुने कापून घेतले होते. प्रत्येक थरात चौकोनी खाच, शेवटची पार मुरमात. मी शिकलेला नाही, पण जन्मभर तिच्या मागं फिरलोय. आधी रंग बघायचे, मग कापायचं. आधी अक्षता, मग पंगत. कापल्यावर रंग बघायला काही उरत नाही. तिचं सगळं काम आदल्या दिवशीच झालं होतं. सकाळच्या उन्हात बघण्यासारखं त्या खड्ड्यात काहीही नव्हतं.

बंपरवर बसून मी धापा टाकत होतो ते तिनं खड्ड्यातनं बघितलं होतं. तिथं मला 'तुम्हाला झेपणार नाही' म्हणाली असती तर मी फावडं सोडलं नसतं, हे तिला माहीत होतं. म्हणून रंगाचं सांगितलं. मातीबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. मंत्र्यापुढंसुद्धा नाही.

मी खड्ड्यातच बसलो. किती वेळ ते सांगत नाही.

मग वर आलो. आधी मुरूम टाकला. मग तपकिरी. ही माती हलकी, टाकली की बसते, दाबली की पाणी सोडते. म्हणून पायानं दाबली नाही. दम लागला की फावडं टेकवून खाली बसलो. मोठ्यानं म्हणालो, "बसलोय, बाई." दम परत आला की उठलो. दुपार झाली. एक कुत्रं फिरवणारा म्हातारा आला, त्यानं खुणेनं विचारलं, मदत करू का. मी मान हलवली, नको. तो टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

आपल्याकडं खड्डा भरला की वर उंचवटा राहतो. इथं माती कमी पडली. शेवटचा काळा थर पसरला तरी मध्ये परातीएवढं खोलगट राहिलं. शेजारची माती ओढून भरता आलं असतं. पण ती तिथली नव्हती. तसंच ठेवलं. हातानं पानं सारखी केली, ताडपत्री घडी घातली आणि आल्मेरेला गाडी काढली.