बोरकुटे सरांचा शनिवार

बोरकुटे सर इंटरनेट जेवणाच्या डब्यातून आणत. डब्याच्या वरच्या कप्प्यात भात-भाजी आणि खालच्यात फ्लॉप्या. एसटीतली धूळ लागू नये म्हणून ही व्यवस्था.

गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. वाचनालयातलं प्राणिशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक वाळवीने आमच्याआधीच वाचून काढलं होतं. म्हणून आठवडाभर पोरं-पोरी प्रश्न चिठ्ठीवर लिहून देत आणि शनिवारी सर चंद्रपूरचा सायबर कॅफे गाठत. कोणी काहीही विचारा, सर म्हणत, "जगात कुठी ना कुठी लिहून असनच."

फ्लॉपी दगा देते, शिवाय ती कॉलेजात उघडायलाही मिळत नाही, हे कळल्यावर ते पडद्यावरचं सगळं वहीत उतरवू लागले. सगळं म्हणजे अगदी सगळं, आणि वर्गातही तसंच सांगत. एका पोरीने चाचणीत बेडकाचं हृदय संपवून खाली लिहिलं, 'पुढे जाण्यासाठी इथे क्लिक करा.' मी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवलं. सर एवढंच म्हणाले, "शेवटपर्यंत लिहिलं न पोरीनं?"

मग विद्यापीठाचं पत्र आलं. प्राध्यापक संगणक वापरतात का, त्याने शिकवणं सुधारतं का, हे पाहायला समिती येणार होती. पटलं नाही तर सायन्स बंद. म्हणजे पोरं चंद्रपूरला जातील आणि पोरी घरी बसतील. कॉलेजात संगणक होता, पण प्राचार्यांच्या खोलीत, फुलाफुलांच्या कापडाखाली. प्राचार्य त्याला रोज अगरबत्ती लावत, बोट मात्र लावत नसत.

समितीसमोर कापड काढलं आणि लाइट गेली. प्राचार्यांना घाम फुटला. समितीच्या बाई म्हणाल्या, "मग आता दाखवणार काय?"

"पोरीयले विचारा न, बाई," सर म्हणाले.

बाईंनी वर्गात जाऊन सुशीलाला उभं केलं. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे. मरळ मासा पाण्याबाहेर कसा जगतो, असं बाईंनी विचारलं. तिने फळ्यावर चित्र काढून समजावलं आणि म्हणाली, "किती वेळ जगते, ते दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे लिहून होते. सर म्हणाले, तलावावर जाऊन पाहा. बाबानं मासा काढला, आम्ही घड्याळ घेऊन बसलो. दोन्ही चूक निघाले."

बाईंनी आणखी एक अवघड प्रश्न टाकला.

"हे मले नाई मालूम," सुशीला म्हणाली. " पण कुठी पाहाचं, ते मालूम आहे."

बाई हसल्या. महिन्याभरात पत्र आलं. सायन्स वाचलं होतं, वर कॉलेजात इंटरनेटही येणार होतं. प्राचार्यांनी स्वतः पेढे वाटले.

सर व्हरांड्यात एकटेच उभे होते. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "बरं झालं. पण आता शनिवारी मी कुठी जाऊ? बायको गेल्यापासून घरी कोणी नाई न." मला स्टाफरूममधल्या त्या चेष्टेची फार लाज वाटली.

तेवढ्यात सुशीला आली. "सर, आमाले ते इंटरनेट चालवता नाई येत. शनिवारी शिकवा न."

सर तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "सकाळीच या. दिवसभर बसू."

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. मराठीच्या मास्तराला हे कशाला हवं, असं सरांनी विचारलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि माझं बोट धरून पहिल्या बटणावर ठेवलं.