बटणाची कॉलर

टेलरमास्तरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही, हा त्यांचा जुना आजार. प्राण्यांच्या निवाऱ्यात ते गेले होते पिंजऱ्यांत अंथरायला चिंध्यांचं गाठोडं द्यायला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, मांजराची दोन पिल्लं थोडे दिवस सांभाळाल? आजारी आहेत, आणि इथे जागा नाही." मास्तर "त्यात काय एवढं!" म्हणून मोकळे झाले. (लग्न ठरवतानाही ते हेच म्हणाले होते.)

बायकोने आधी पिल्लांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. जास्त केविलवाणं कोण दिसतंय, ते तिला ठरवता येईना.

"अहो, आपल्याला मांजरातलं काय कळतं?"

"औषधच तर घालायचं. त्यात काय एवढं!"

जी सारखी शिंकत असायची तिचं नाव पडलं काज, आणि तिच्या भावाचं बटण. काजची सर्दी औषधाने हटली. बटणाचं दुखणं मात्र अवघड होतं. त्याच्या डाव्या डोळ्यात जखम होती आणि ते सारखं पंजाने डोळा खाजवायचं. "खाजवत राहिलं तर डोळा गेलाच म्हणून समजा," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात घालायला प्लॅस्टिकची, नरसाळ्यासारखी, सगळ्यात लहान कॉलरही दिली होती, पण बटण तिच्यातून आरपार बाहेर आलं.

'कॉलर' म्हटल्यावर मास्तरांना स्फुरण चढलं. उभी हयात कॉलरी शिवण्यात गेलेली! बायकोने पिल्लू धरलं, मास्तरांनी टेप लावली, पिल्लाची टेपेशी झटापट झाली, मास्तरांच्या बोटावर तीन ओरखडे उमटले. पण कॉलर अशी झाली की साहेबाच्या शर्टालाही शोभावी. आत कडक कॅनव्हास, कडेला मऊ पट्टी, वर दुहेरी टीप.

मास्तरांनी ती चढवली आणि कौतुकाने मागे सरकले. तेवढ्यात कॉलर घसरून कमरेवर आली. घेरदार झगा घातल्यासारखं बटण दुकानभर हिंडलं आणि मग निवांत बसून डोळा खाजवू लागलं.

"अहो, केवढी सैल केलीत!"

"वाढत्या अंगाची आहे ती. लहान मुलांचं आपण असंच शिवतो. दोन महिन्यांनी बघ कशी बसते!"

"दोन महिन्यांनी डोळा नसेल त्याला!" बायको ओरडली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. डोळा लालभडक झाला होता, पाणी गळत होतं. मास्तर घाबरले, अगदी मनापासून घाबरले. मग बायको बटणाचे पंजे हातात धरून बसली आणि मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा नेमक्या आजच्या मापाचं शिवलं. ती कॉलर मात्र जागची हलली नाही.

पिल्लू वाढेल तशी जुनी उसवायची, नवी शिवायची. गिऱ्हाईकं खोळंबली.

"मास्तर, माझा ब्लाउज?"

"अर्जंट काम आहे, ताई."

"कुणाचं लग्न आहे का?"

"डोळा आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. ताई त्यांच्याकडे बघत बघत निघून गेल्या.

तपासणीच्या दिवशी नवराबायको दोघंही निवाऱ्यात गेले. डॉक्टरबाईंनी बटणाला टेबलावर ठेवलं, बॅटरीचा झोत टाकला आणि पापणी वर करून डोळा तपासला.

"वाचला डोळा," बाई म्हणाल्या. "चांगलं दिसतंय त्याला."

बायको घाईने भिंतीकडे तोंड फिरवून कॅलेंडर वाचू लागली. (ते गेल्या वर्षाचं होतं.)

"ही कॉलर कुणी शिवली हो? इतकी नेटकी मी कुठे पाहिली नाही."

मास्तरांची छाती इतकी फुगली की शर्ट ताणला गेला. आणि का फुगू नये? एक अख्खा डोळा त्यांनी टीप मारून वाचवला होता!

"आम्हीच शिवली. बाई, तुम्ही फक्त मान दाखवा. मान कुठलीही असो, कॉलर झालीच समजा!"

बायकोने त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

"देवासारखे भेटलात! आमचा एक पेशंट सारखे टाके कुरतडतोय," म्हणत बाईंनी आतलं दार उघडलं.

वासराएवढा एक कुत्रा गुरगुरत बाहेर आला. त्याची मान मास्तरांच्या मांडीएवढी होती आणि दात सगळे शाबूत होते.

"घ्या माप," बाई म्हणाल्या.

बायकोने शेजारी पाहिलं तर नवरा जागेवर नव्हता. तो तपासणीच्या टेबलावर, बटणाच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"बाई," चिरकलेल्या आवाजात तिथूनच विचारणा झाली, "मापाचा एखादा जुना कपडा नाही का?"