बाई, नग एक

१९७३ सालच्या एप्रिलमध्ये आमच्या पंचायत समितीच्या गोदामाला कुलूप एकच होते, त्याची किल्ली एकच होती आणि ती पहारेकरी गहिनीनाथच्या करगोट्याला बांधलेली असे. ही परिस्थिती अत्यंत गंभीर आहे, हे प्रथम दत्तोपंतांच्या लक्षात आले.

गोदाम मिरजगावच्या रस्त्याला, गावाबाहेर. चारी भिंती दगडी, वर पत्रा. आत सुकडीची पोती. सुकडी म्हणजे भाजलेले पीठ, गूळ आणि तेल. दुष्काळी कामावरच्या मजुरांना रोज ओंजळभर मिळायची. पाझर तलावावर दोनशे बायामाणसे खडी फोडत होती. सकाळी सातला गहिनीनाथ कुलूप काढी, बनुबाई झाडून घेई, दोन पोती बैलगाडीत पडत, मी वहीत आकडा लिही आणि आठाच्या सुमारास तलावावर वाटप सुरू होई. यात आजवर एकदाही चूक झाली नव्हती. दत्तोपंतांना नेमकी याचीच शंका आली.

दत्तोपंत आमचे हेडक्लार्क. घर भिंगारला, तिथल्या लष्करी कचेरीत वीस वर्षे कारकुनी करून इकडे आलेले. माणूस सज्जन. चहा नाही, तंबाखू नाही, कुणाकडून शेंगेचा दाणा घेतलेला नाही. व्यसन एकच, तक्ते आखण्याचे.

“शामकांत,” एके दिवशी ते मला म्हणाले, “एकच माणूस गोदाम उघडतो, तोच आत बघतो, तोच पोती काढतो. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“गहिनीनाथ,” मी म्हणालो.

“बघा! म्हणजे जबाबदार माणूस विचारल्याबरोबर सापडतो. याला काय पद्धत म्हणायची?”

पंधरा दिवसांत परिपत्रक निघाले. विषय होता ‘सांघिक कार्य व अधिकारांची विभागणी’. अकरा पाने आणि एक घडीचा तक्ता. सर्वांनी एकदिलाने काम करावे, यासाठी कुणी काय करू नये, हे त्यात सविस्तर दिले होते. गहिनीनाथ झाला ‘उघडणारा’. त्याने साहेबांच्या, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीची मागणीचिठ्ठी आल्यावर किंवा सकाळच्या मोजणीपुरते कुलूप काढायचे. मात्र आत पाहण्याचा अधिकार नसल्याने दार उघडताच पाठ फिरवायची. शिपाई छगन ‘पाहणारा’. त्याने आत जाऊन माल पाहायचा आणि वहीत लिहिलेला तेवढाच बाहेर काढायचा. मी ‘नोंदणारा’. मी वहीत लिहायचे, पण मालाकडे पाहायचे नाही. पाहिले की आकड्यावर परिणाम होतो, असे दत्तोपंतांचे मत होते. सगळ्यांच्या वर ‘मंजूर करणारे’ म्हणजे साहेब. प्रत्येकाला छातीवर लावायला वेगळ्या रंगाचा बिल्ला मिळाला.

पहिल्या आठवड्यात सुकडी तलावावर दहाला पोचली. दुसऱ्या आठवड्यात बाराला. दत्तोपंतांनी अहवालात लिहिले की, पद्धत आता मुरू लागली आहे.

झाडण्याचा रकाना तक्त्यात राहून गेला होता. त्यामुळे बनुबाईला बिल्लाच मिळाला नाही आणि तिचे आत जाणे बंद झाले. ही पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ बाई. नवरा वारल्यापासून बारा वर्षे गोदाम झाडत होती. तिसऱ्या आठवड्यात पोत्यांना मुंग्या लागल्या.

“भाऊसाहेब,” ती मला म्हणाली, “मुंग्यांला बिल्ला दिला व्हय तुमी? त्या बऱ्या आत जात्यात!”

मी तक्ता पाहिला. मुंग्यांबद्दल काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गहिनीनाथने मोजणीसाठी दार उघडले आणि नियमानुसार पाठ फिरवली. त्याच्या पाठीमागून बनुबाई केरसुणी घेऊन आत शिरली आणि पोत्यांच्या थप्पीआड झाडू लागली. छगनने मोजणी केली, बाहेर येऊन आकडा सांगितला. मी तो लिहिला. साहेब नगरला बैठकीला गेल्याने मागणीचिठ्ठी नव्हती, म्हणून पोती काढली नाहीत. गहिनीनाथने उलट्या हाताने दार ओढले आणि कुलूप घातले.

थोड्या वेळाने आतून दार वाजले.

“आरं गहिन्या! मला कोंडलं का रं?”

गहिनीनाथ छगनकडे वळला. “छगन, तुला दिसली न्हाई का ती?”

“दिसली की,” छगन म्हणाला. “पन मला मालच बघायचा अधिकार हाय. बनुबाई माल थोडीच हाय?”

गहिनीनाथचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. मोजणी झाली होती. आता चिठ्ठीशिवाय कुलूप काढले तर निलंबन, असे आठव्या पानावर होते. आदल्याच महिन्यात शेजारच्या तालुक्यातला एक शिपाई निलंबित होऊन घरी बसला होता. “पाच लेकरं हायेत माजी, भाऊसाहेब,” गहिनीनाथ मला म्हणाला. “तुमी लिहून द्या, मी उघडतो.”

मी लिहून देऊ शकत होतो. फक्त ते मंजूर करू शकत नव्हतो. आम्ही दत्तोपंतांना बोलावले.

दत्तोपंत आले, दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी परिपत्रक पहिल्यापासून वाचायला घेतले. अर्ध्या तासाने त्यांचा चेहरा उजळला.

“मार्ग आहे. दार माल काढण्यासाठी उघडता येतं. तेव्हा बाईंना आधी मालात घेऊ. शामकांत, आवक लिहा. बाई, नग एक.”

“वजन?” मी विचारले. तो रकाना रिकामा ठेवता येत नसे.

दत्तोपंतांनी दाराला तोंड लावले. “बनुबाई, तुमचं वजन किती?”

आतून जे उत्तर आले, ते नोंदवण्याजोगे नव्हते. मी ‘अंदाजे’ असे लिहिले. मालाची स्थिती ‘चांगली’.

आवक झाली. जावक करायला मंजुरी हवी. छगन पोस्टात जाऊन नगरला फोन लावून आला. साहेब बैठकीत होते, विषय होता खात्याखात्यांतले सहकार्य. फोनवरच्या कारकुनाने सांगितले, मंजुरी तोंडी देत नाहीत. साहेब संध्याकाळच्या गाडीने येतील.

अकरा वाजले. पत्रा तडतडू लागला. सुकडी आली नाही म्हणून तलावावरून मजूर चालत आले. पुढे साळूबाई होती, खडीवरच्या टोळीची मुकादम. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिच्यामागे दीडशे माणसे, सकाळपासून उपाशी. काहींच्या कडेवर पोरे.

गोदामाला डोक्याएवढ्या उंचीवर गजांची एक खिडकी होती. तिच्यात बनुबाईचा घामेजलेला चेहरा दिसला.

“साळू, कोन कोन आलंय? पदर पसर.”

तिने एक पोते फोडले आणि गजांतून ओंजळी बाहेर रित्या करू लागली. प्रत्येकाला एक, पोर असेल तिला दीड. लोकांनी आपणहून रांग केली. कुणी दोनदा आले तर ती नावानिशी हाकलून देई. पाऊण तासात सगळ्यांच्या तोंडात घास होता. तीन आठवड्यांतले सर्वात झटपट वाटप डोळ्यांसमोर होत होते. मी मात्र पाठ फिरवली, कारण मला मालाकडे पाहण्याचा अधिकार नव्हता.

दत्तोपंत कळवळून म्हणाले, “अहो, थांबवा हे! बाई आता माल आहेत. माल माल कसा वाटेल?”

रांग पुढे सरकली. मग त्यांनी छगनकडून खिडकीवर आडव्या फळ्या ठोकून घेतल्या. दुष्ट हेतूने नव्हे. मालाचे रक्षण तिसऱ्या पानावर होते, आणि बनुबाईही त्यात आलीच.

“आरं, निदान पानी तर द्या!” आतून आवाज आला.

छगन कळशी घेऊन आला. पण आत काही जायचे तर पाण्याचीही आवक करावी लागणार होती, आणि फळ्या तर आताच ठोकल्या होत्या. दत्तोपंत पुन्हा परिपत्रक वाचू लागले. माझ्याकडेही एक प्रत होती. मी पण वाचू लागलो.

साडेबारापर्यंत बनुबाई शिव्या देत होती. एकपर्यंत नुसती दार वाजवत होती. मग दार वाजायचे थांबले.

“बनुबाई!” गहिनीनाथ ओरडला. त्याने दाराला कान लावला. तक्त्यात ऐकणाऱ्याचा अधिकार कुणालाच नव्हता, त्यामुळे त्याला कुणी अडवले नाही. “काय बी ऐकू येईना, भाऊसाहेब.” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि मुठीत किल्ली होती.

साळूबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “किल्ली तुज्याकडं हाय?”

“हाय.”

“मग उघड.”

“चिठ्ठी न्हाई, साळूबाई.”

तिने त्याच्याकडे पाहिले. मग दत्तोपंतांकडे, छगनकडे, माझ्याकडे. ती वळली, एका गड्याच्या हातातली पहार घेतली आणि दाराच्या बिजागऱ्यांत घातली. चार बायांनी जोर लावला. दार कुलपासकट निखळून आडवे झाले.

बनुबाई उंबऱ्यापाशीच पडली होती. ओठ सुकलेले, डोळे वर गेलेले. तिला कडुनिंबाखाली नेले, तोंडावर पाणी मारले, पदराने वारा घातला. बराच वेळ काही झाले नाही. मग तिने डोळे उघडले, पाणी मागितले, आणि ते पिऊन झाल्यावर दत्तोपंतांना एक अस्सल शिवी दिली. गहिनीनाथ हमसाहमशी रडला.

साहेब संध्याकाळी आले. दत्तोपंतांनी अहवाल सादर केला की, एवढ्या गोंधळातही कुलूप शाबूत राहिले. तो वर नगरला गेला. वरून अभिनंदनाचे पत्र आले आणि इतर तालुक्यांसाठी तक्त्याच्या नकला मागवल्या. दार सुताराने बसवून दिले. बिजागऱ्या या वेळी आतल्या बाजूने घेतल्या.

महिनाअखेरीस माल तपासणी झाली. पोती बरोबर भरली. फोडलेले पोते मुंग्यांच्या खाती गेले. फक्त ‘बाई, नग एक’ हा माल मंजुरीविना बाहेर गेलेला आढळला. सात दिवसांत गोदामात समक्ष हजर होऊन शिल्लक भरून द्यावी, अशी नोटीस निघाली. ती बजावायला मला पाठवले.

बनुबाई आठ दिवस अंथरुणावर होती. मी गेलो तेव्हा उठून बसली होती. तिने नोटीस उलटी धरली, मग मला परत दिली.

“मला न्हाई वाचता येत. काय लिवलंय?”

मी सांगितले. ती हसली नाही, चिडलीही नाही.

“भाऊसाहेब, एक इचारू? मी आत मरत हुते. तुमी शिकलेली मानसं. तवा भाईर उभं ऱ्हाऊन काय करीत हुता?”

“वाचत होतो,” मी म्हणालो.

यात खोटे काही नव्हते. आपणही मघापासून तेच करत आहात.