सासुरवाडीत माझा आत्मा हरवला

माझ्या बायकोला, यिनफंगला, तीन थोरले भाऊ, आणि तिघांचाही जीव तिच्यात. त्यात ती दिवसभर फोनवर एक कादंबरी ऐकते. कुणी गरीब पोरगी मरते आणि डोळे उघडते ते भलत्याच मुलीच्या देहात. तिथे तीन थोरले भाऊ तिला तळहातावर झेलतात. (त्या कादंबरीत नवऱ्याचा पत्ताच नाही. म्हणून तर बायकांना आवडते.)

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी जावयाने सासुरवाडीला जायचं आणि मेहुण्यांनी त्याला आडवा होईस्तोवर पाजायची, ही आमच्या हनान प्रांतातली रीत. दरवर्षी मी घरी परततो तो ढकलगाडीत. यंदा ठरवलं, आज आपण आपण नसायचंच.

पहिला प्याला भरला गेला तसा मी धाडकन पडलो. मग डोळे उघडून बारीक आवाज काढला, "मी कुठंय? आणि अगंबाई, हे माझ्या हनुवटीवर काय उगवलंय?"

"म्हाताऱ्या, चाळे पुरे," यिनफंग म्हणाली.

"म्हातारा कोण, ताई? मी शाओये. सतरा वर्षांची."

थोरल्या मेहुण्याने मला नीट न्याहाळलं आणि प्याला मागे ओढला. "दारू उचला रे. पोर लहान आहे."

(मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली.)

मधल्याने बदकाची तंगडी माझ्या वाडग्यात घातली. धाकट्याने पाकात घोळवलेली फळांची काडी आणून दिली. जन्मात या तिघांनी मला मीठसुद्धा सरकवलं नव्हतं! मी "दादा, दादा" करत लाजलो आणि सोंग शोभावं म्हणून जेवण झाल्यावर भांडी घासायला बसलो.

तिथेच घोटाळा झाला. तिघे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"म्हणजे जावईबापू गेले की," थोरला म्हणाला.

"गेले बिचारे," मधला म्हणाला.

"मग आपली यिनफंग विधवा झाली," धाकटा म्हणाला.

माझ्या हातातला वाडगा सटकला.

"तिला आता इथंच ठेवून घेऊ," थोरला पुढे म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत तो शिंपी काओ एकटाच असतो. बायको वारली. दात स्वतःचे आहेत."

मी आशेने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दादा, घोरतो का तो?"

खरं सांगावं, तर सणाच्या दिवशी मरणाची थट्टा केली म्हणून तिघे मला झोडपणार. न सांगावं, तर बायको काओकडे. घामाने बनियन भिजलं, बाहेर बर्फ असून!

"दादा," मी रडकुंडीला आलो, "त्या आजोबांना परत नाही का बोलावता येणार?"

"येईल की. पण आत्मा पाळण्यातल्या नावालाच ओ देतो. यिनफंग, काय गं नाव?"

(यमाने नाक मुरडून परत जावं म्हणून आईने ठेवलेलं नाव ते. लग्नाच्या रात्री बायकोला शपथ घालून सांगितलं होतं.)

यिनफंगने क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं.

आत्म्याला ओळख पटावी म्हणून थोरल्याने माझा कोट झाडूच्या दांड्याला बांधला, दारात उभा राहिला आणि छाती फुगवून ओरडला, "कुत्र्याच्या उष्ट्याऽऽ, घरी ये रेऽऽ!"

सणाची गल्ली, दारोदारी जावई आलेले. सगळे बाहेर आले. दुसऱ्या हाकेला निम्मी गल्ली साथीला, तिसऱ्या हाकेला कुत्रीसुद्धा. मेहुणा मात्र थांबेना, कारण मी गप्प. आणि मी गप्प, कारण लाज वाटत होती. तेवढ्यात यिनफंग मधल्याला म्हणाली, "काओला चहाला तरी बोलवा."

"आलो! आलो!" भांडी तशीच टाकून मी माझ्या भसाड्या आवाजात बोंबलत दाराशी धावलो. "मीच गं यिनफंग! कुत्र्याचं उष्टं! मी परत आलो!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. यिनफंग जवळ आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग मागे पडलेल्या खरकट्या भांड्यांकडे पाहिलं, आणि थोरल्याकडे वळली.

"दादा, त्या पोरीला परत बोलवायला काय ओरडावं लागतं?"