पहिला दिवा देवाचा

मोटार बिघडली तर माणसानं भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बघू? मेकॅनिकवर, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकावर, की बायकोवर? सत्त्याऐंशी साली आप्पा शेट्यांनी पहिल्या दोघांवर थोडाथोडा ठेवला आणि उरलेला सगळा स्वतःवर. (तिथंच चुकलं.)

आप्पा रत्नागिरीतले आंब्याचे व्यापारी. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी शिकले ते खोक्यांवरची लेबलं वाचून. त्यांचा मेहुणा राजाभाऊ मस्कतला नोकरीला. त्या वर्षी त्यानं बोटीतून एक जपानी मोटार आणली. पांढरीशुभ्र, स्टिअरिंग डावीकडे, आणि कार्ब्युरेटरच्या भानगडीत न पडता पेट्रोल थेट पिचकाऱ्यांनी इंजिनात मारणारी. रविवारी तो परत जाणार होता आणि गाडी वर्षभर कुणाकडे तरी ठेवणार होता. उमेदवार दोन. एक आप्पा. दुसरे त्याचे चिपळूणचे थोरले भावजी भागोजीराव, ज्यांनी गाडी बघायच्या आधीच तिच्यासाठी पत्र्याची शेड उभी केली होती.

"भावजी, मी एसटीनं जयगडला काकांकडे जातोय, शनिवारी येईन," राजाभाऊ म्हणाला. "तिकडचा रस्ता गाडीच्या लायकीचा नाही. ती तुमच्या अंगणात राहू दे. चालवू मात्र नका. आल्यावर तपासतो, ठीक असली तर तुमच्याकडेच ठेवून जातो."

आप्पांनी अशी मान हलवली की भीष्मानं बघत राहावं. आणि बुधवारी संध्याकाळी एक लहानसा निर्णय घेतला. गाडी चालवायची नाही. फक्त मांडवीपर्यंत नेऊन आणायची.

पण नवी गाडी पूजेशिवाय दाराबाहेर कशी काढणार? हार घातला, नारळ फोडला. लिंबू-मिरची बंपरला बांधली तर राजाभाऊ हसेल, म्हणून बॉनेट उघडून आतल्या एका वायरीला दोन गाठी मारून आवळली. आप्पांची बायको मालिनीबाई उजवीकडे बसल्या. त्यामुळं बाजारात सगळ्यांना वाटलं की गाडी बाईच चालवतायत. दोघातिघांनी थांबून नमस्कारही केला, तो त्यांनाच.

मांडवीच्या वळणावर गाडीला उचक्या लागल्या आणि काचेखाली एक पिवळा दिवा पेटला.

"हा दिवा कसला हो?"

"शोभेचा."

"मघाशी नव्हता तो."

"मघाशी उजेड होता ना."

गाडी कशीबशी अंगणात आली. दिवा काही विझला नाही. दुसऱ्या दिवशी मिरजोळ्याच्या गॅरेजातून आत्माराम आला. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"आप्पाशेट, यात कार्ब्युरेटर नाय."

"मग काय आहे?"

"तेच बघतोय मघापासून."

शेवटी आप्पांनी गाडीतलं इंग्रजी पुस्तक काढलं आणि शब्द जुळवत वाचलं. इंजिनाजवळच्या डबीतली दोन भोकं तारेनं जोडायची आणि किल्ली फिरवायची. मग तोच पिवळा दिवा लुकलुकून दुखणं सांगतो. आधी दशम, जरा थांबून एकम. तो नंबर यादीत बघायचा.

"म्हणजे रोग्यानंच वैद्याला सांगायचं," आत्माराम म्हणाला. "माझं काम काय मग?"

"तू भोकांत आकडा धर." तार म्हणून मालिनीबाईंच्या केसांचा आकडा घेतला होता. "मोजणं माझ्याकडे. तीस वर्षं आंबे मोजतोय, एका फळाचा फरक नाही."

दिवा लुकलुकला. आप्पांचे ओठ हलले.

"एकवीस."

यादीत एकवीस म्हणजे पाण्याची उष्णता मोजणारं बोंड. आत्मारामनं ते पान्यानं काढलं, आणि रेडिएटरमधलं अर्धी बादली हिरवं पाणी त्याच्या शर्टावर आलं. त्यानं बोंड फुंकलं, पुसलं, कानाशी हलवून पाहिलं, परत बसवलं, नळाचं पाणी भरलं. त्या बोंडाची वायर तेवढी जोडायची राहिली. आता उचक्यांच्या जोडीला खोकलाही सुरू झाला.

शनिवार उजाडला. पाचच्या एसटीनं राजाभाऊ येणार. दुपारी पुन्हा आकडा, पुन्हा लुकलुक. आता दिव्याकडे सांगायला दोन नंबर होते.

"दहा," आप्पा म्हणाले. "आणि एकवीस."

"पुस्तकात दहा नाय."

"छापायचा राहिला असेल."

"आणि एकवीस तर आपण धुतलं."

आत्माराम पुन्हा इंजिनावर वाकला. आप्पांना त्यात चिपळूणची शेड दिसत होती, आणि शेडखाली पांढरीशुभ्र गाडी. तेवढ्यात मालिनीबाई चहा घेऊन आल्या.

"मी मोजू का?"

"हे चपात्या मोजण्याइतकं सोपं नाही."

"चपात्या तरी बरोबर मोजते मी." त्यांनी दिव्याकडे पाहत बोटं मिटली. "दोन, एक. मग तीन, दोन. एकवीस आणि बत्तीस."

"प्रत्येक वेळी एक जास्त धरतेस तू."

"तुम्ही सुरुवात कुठून करता?"

"म्हणजे काय? पहिला देवाचा, तो बाजूला. मग एक."

आप्पांच्या वखारीत प्रत्येक राशीतलं पहिलं फळ देवाचं म्हणून वेगळं ठेवत आणि मोजणी दुसऱ्यापासून सुरू होई. तीस वर्षांत ते जिभेला इतकं बसलं होतं की दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीतूनही त्यांनी देवाचा वाटा इमानानं काढला होता.

आत्मारामनं कप खाली ठेवला. "आप्पाशेट, माझा शर्ट कुठल्या देवाला गेला?"

बत्तीस म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारी पेटी. पेटी सापडली, तिची वायर सापडली, आणि त्या वायरीला लोंबणारी, गरमीनं सुकलेली लिंबू-मिरचीही. दोन गाठींच्या ओढीनं पेटीचा प्लग अर्धा बाहेर आला होता. मालिनीबाईंनी अंगठ्यानं तो आत दाबला. आत्मारामनं बोंडाची वायर जोडली आणि पुस्तकाप्रमाणं जुने नंबर पुसायला बॅटरीची तार मिनिटभर काढली. किल्ली फिरवताच इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. दिवा गायब. आत्माराम परसदारानं गेला आणि पुढच्या दारानं राजाभाऊ आला.

चहासुद्धा न घेता त्यानं खिशातून तार काढली. "भावजी, आत बसा, किल्ली फिरवा. दिवा काय म्हणतो ते सांगा."

आप्पा सीटवर ताठ बसले. दोन्ही पाय जमिनीत रुतल्यासारखे घट्ट रोवले. या खेपेला त्यांनी देवाला काही दिलं नाही.

"पाच," ते म्हणाले. मग बारीक आवाजात, "एक."

"एकावन्न?" राजाभाऊचं डोकं बॉनेटवरून वर आलं. "काय केलंत, भावजी?"

आप्पांनी पुस्तक वाचलं होतं ते बेचाळीसपर्यंत. एकवीसला अर्धी बादली पाणी, तर एकावन्नला काय असेल या विचारानं त्यांचा धीर सुटला. मांडवी, लिंबू-मिरची, आत्माराम, हिरवं पाणी, सगळं सांगून झालं. कुणी न विचारता हेही सांगितलं की भागोजीरावांची शेड गळते ही बातमी त्यांनीच उठवली होती.

राजाभाऊ दाराशी येऊन आत वाकला.

"एकावन्न म्हणजे ॲक्सिलरेटरवर कुणाचा तरी पाय आहे," तो म्हणाला. "काढा तो."

आप्पांनी पाय काढला. दिवा सरळ एका ठेक्यात लुकलुकू लागला. म्हणजे गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

मालिनीबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. राजाभाऊनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "ताई, गाडी तुझ्याकडे. भावजींनी मागितली तर दे, पण किती किलोमीटर गेले ते वहीत लिहून घे."

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी वहीत लिहिलं, 'देऊळ व परत, दोन किलोमीटर.' मालिनीबाईंनी जाऊन मीटर पाहिला. तो पन्नासनं पुढं गेला होता.

"देऊळ गणपतीपुळ्याचं का हो?"

त्यानंतर आप्पा वखारीत सायकलनं जाऊ लागले. तेव्हा मंडळी, तुमच्याही घरी अशी वही असेल तर झाले तेवढेच किलोमीटर लिहीत जा. कारण मालिनीबाईंनी लगेच सायकलचीही वही घातली, आणि सायकलला तर मीटरसुद्धा नव्हता.