कुंकू लावलेली पिन

बंद पडलेला रेडिओ घेऊन कोणी आलं, तर नीळकंठ डेहणकर आधी रेडिओकडे बघायचाच नाही. आलेल्या माणसाला खुर्ची द्यायचा, पाण्याचा गडवा समोर ठेवायचा आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "शेवटचं काय बोलला?"

नवखा माणूस गोंधळून जायचा. "कोण?"

"रेडिओ, दुसरं कोण? बोलता बोलता गेला का गाता गाता? एकदम गेला का आवाज खोल खोल गेला? तुमी तवा काय करून राह्यले होते?"

मग तो माणूसही नकळत आवाज खाली आणून, जवळचं कोणी गेल्याची हकिकत सांगावी तसं सगळं सांगू लागायचा. ऐकून झालं की नीळकंठ उठायचा, रेडिओच्या पाठीला नाक लावून दोनदा खोल श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "मेला नाही गा. रुसला हाय."

सत्तरच्या दशकात नागपूरच्या प्रताप नगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या लेआउटमध्ये नीळकंठचं घर माझ्या घराला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. तो गोदामात कारकून, मी एका कचेरीत. तो एकटाच राहायचा. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नव्हतं. कोणी त्याबद्दल विचारलं की "आधी हे पाहू" म्हणून समोरच्या रेडिओत डोकं घालायचा. त्याच्याबद्दल लेआउटमध्ये एक गोष्ट अजूनही चुकीची सांगितली जाते. ती चूक माझी आहे. ती दुरुस्त करायला मी फार उशीर केला, कारण त्या माणसाचा मला मत्सर वाटायचा.

मत्सराला कारण होतं. मी पोस्टानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता. पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत लावलं होतं. नीळकंठकडे काय होतं? एक चिमटा, काचपेपरचा तुकडा आणि नाक. तो घरी आला की सर्टिफिकेटसमोर उभा राहून मनापासून म्हणायचा, "मनोहरभाऊ, अक्षर लय सुंदर हाय याच्यावर." टोमणा असता तर मी उत्तर तरी दिलं असतं.

त्याचा नियम असा, की दुरुस्ती भिंतीपासून सुरू करायची. आधी भिंतीतला प्लग, मग वायर, मग फ्यूज, मग बटण, आणि कुठंच काही सापडलं नाही तरच स्क्रू काढायचा. एकदा रामदासपेठेतून एक गृहस्थ भलामोठा रेडिओ चादरीत बांधून सायकलरिक्षानं आले. नीळकंठनं अर्धा तास जबानी घेतली. शेवटी म्हणाला, "तवा घरातला पंखा चालू होता का?"

गृहस्थ आठवून म्हणाले, "नाही बुवा. तोही त्याच वेळेस बंद पडला."

"लाइट गेली होती, साहेब," नीळकंठ म्हणाला. त्यांना चहा पाजला, चादर पुन्हा नीट बांधून दिली आणि रिक्षापर्यंत पोचवून आला. ते गृहस्थ पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव घेत होते. मी असतो तर रेडिओ आधी उघडला असता, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि म्हणूनच राग आला होता.

उन्हाळ्यात त्याच्या गच्चीवर गल्लीभरातले उतरलेले सेल वाळत पडलेले असायचे. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. सकाळी आठ ते साडेनऊ, आणि मध्ये एकदा पापडासारखे उलटवायचे. तेवढ्यावर सेल आणखी आठवडाभर बोलत. जास्त ऊन म्हणजे जास्त करंट, असा हिशेब करून मी माझे सेल मे महिन्यात दिवसभर छपराच्या टिनावर ठेवले. संध्याकाळी ते फुगून त्यांतून काळा चिकटा गळत होता. नीळकंठनं भिंतीवरून पाहिलं. "कोवळं ऊन द्याचं असते, भाऊ. आपल्या नागपूरचं दुपारचं ऊन माणसाले सोसत नाही, त्याले काय सोसन?"

माझी बायको कुसुम यावर पोट धरून हसली.

कुसुमचं माहेर सावनेर. लग्नात तिच्या भावानं एक ट्रान्झिस्टर दिला होता. तो एक दिवस मुका झाला. तीन रविवार मी तो उघडून बसलो. भाग ताटात ओळीनं मांडले, पुन्हा जोडले, आणि शेवटी दोन स्क्रू हातात उरले. "याचं आयुष्य संपलं," मी जाहीर केलं. चौथ्या रविवारी माझ्यादेखत भिंतीपाशी जाऊन तिनं हाक मारली, "नीळकंठभाऊ, जरा येता का?"

तो आला आणि मला वगळून तिला विचारू लागला. शेवटचं काय बोलला, कधीपासून अडखळत होता, कुणी दिला होता. कुसुम भावाबद्दल बोलू लागली. तो हा ट्रान्झिस्टर पोत्यात गुंडाळून कापसाच्या गाडीवर बसून कसा घेऊन आला, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आठ वर्षांच्या संसारात मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग नीळकंठनं सेलच्या खाचेतल्या गंजलेल्या स्प्रिंगवर काचपेपर फिरवला, आणि रेडिओ बोलला.

कुसुमनं त्याच्यासाठी पुडाची वडी केली. मी मागितली की तिला कोथिंबीर महाग वाटायची. जाताना नीळकंठनं ते दोन स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. "हे तुमचे, भाऊ. याची गरज नाही पडली."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. नजर जवळजवळ गेलेली, मुलगा-सून दिवसभर नोकरीवर. त्यांच्याकडे एक जुना विलायती ट्रान्झिस्टर होता. सकाळ-संध्याकाळच्या बातम्यांवर त्यांचा दिवस चालायचा. पण तो सेल फार खायचा, म्हणून नीळकंठनं त्यांना लाइटवर रेडिओ चालवायचा डबा घरीच बनवून दिला. डब्यातून दोन वायरी निघत, टोकाला दोन पिना. रेडिओच्या पाठीला दोन भोकं. पिना उलट्या गेल्या तर रेडिओ आतून जळणार, म्हणून त्यानं एका पिनेला आणि एका भोकाला व्हार्निशमध्ये कालवलेलं कुंकू लावलं. सुनेला बजावून सांगितलं, "कुंकवात कुंकू. अन् हे काढाचंच नाही. भितीवरचं बटण तेवढं दाबाचं."

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीत गुरुजी उभे राहून म्हणाले, "नीळकंठानं मला डोळे दिले." टाळ्या झाल्या. सगळ्यांत शेवटी थांबली ती कुसुम. मी बाजूला बसलो होतो. मी पेपरमध्ये गल्लीच्या गणपतीची बातमी छापून आणली होती, त्याबद्दल कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी मी कचेरीतून लवकर निघालो आणि दुपारी गुरुजींकडे गेलो. ते खाटेवर डुलक्या घेत होते. मी रेडिओच्या पाठीमागच्या पिना काढल्या आणि अदलून लावल्या. काय होईल ते मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझ्या कोर्समध्ये तो धडा ठळक अक्षरात होता.

"कोण आहे?" गुरुजी जागे झाले.

"मी, मनोहर. सहज आलो होतो."

"बस ना रे."

"नाही, येतो."

संध्याकाळी बातम्यांच्या वेळी त्यांनी बटण दाबलं. फट् आवाज झाला आणि जळका वास ओट्यापर्यंत आला. गल्ली जमली. नीळकंठला बोलावलं. मी मागे उभा होतो. त्यानं रेडिओ फिरवून पाठ पाहिली. कुंकवाची पिन कोऱ्या भोकात होती. त्यानं त्या पिनेवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही पिना उपटून मुठीत घेतल्या आणि म्हणाला, "चुकलं माह्यं. सकाळी पुसाले काढलं, तवा मीच उलटं लावलं."

जळलेले भाग सीताबर्डीच्या बाजारात मिळाले नाहीत. नीळकंठनं स्वतःचा रेडिओ देऊ केला, गुरुजींनी घेतला नाही. "डेहणकराकडे देऊ नका, जाळून ठेवते," असं लोक म्हणू लागले. गच्चीवरचे सेल कमी होत होत नाहीसे झाले. लोक माझ्याकडे येऊ लागले. त्यांतले बरेचसे रेडिओ मी पिशवीतून कचेरीत नेई, जेवणाच्या सुट्टीत सीताबर्डीच्या दुकानात दुरुस्त करून घेई आणि घरी आणून "झाला बरं का" म्हणत असे. कुसुमचा ट्रान्झिस्टर पुन्हा बंद पडला, तो मात्र तिनं कपाटात ठेवून दिला. "पडू द्या तिथंच," म्हणाली.

नीळकंठ रोज संध्याकाळी पेपर घेऊन गुरुजींकडे जाऊ लागला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचा. बातम्या, बाजारभाव, हरवले-सापडले, सगळं. कठीण मराठी शब्द आला की अडखळायचा, गुरुजी दुरुस्त करायचे आणि दोघं हसायचे. सहा वर्षं मी ते हसणं माझ्या ओट्यावर बसून ऐकलं. खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला. जे मी हिसकावून घेतलं होतं, त्याच्या जागी त्याला हे मिळालं होतं.

गुरुजी गेले. महिना झाल्यावर एका संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून नीळकंठच्या दारात उभा राहिलो. दार उघडंच होतं. तो खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मोठ्यानं. समोर कोणी नव्हतं. मला पाहून ओशाळला. "सवय लागली, भाऊ. मनातल्या मनात वाचलं तं वाचल्यासारखं वाटतच नाही."

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "त्या पिना मी उलट्या केल्या होत्या."

त्यानं पेपरची घडी घातली. "मालूम हाय. दुपारी तुमी येऊन गेले, असं गुरुजी मले त्याच दिवशी, रेडिओ दाखवतानाच बोलले होते."

"मग सगळ्यांपुढं सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? रेडिओ तं गेलाच होता. अन् कुसुमवयनी तिथंच उभ्या होत्या. त्याईनं तुमच्याशी बोलणं सोडलं असतं तं?" त्यानं घडी मांडीवर ठेवली. "घरी आल्यावर बोलाले कोणी नसलं की कसं वाटते, ते मले मालूम हाय, भाऊ. ते तुमाले नाही झेपलं असतं."

त्यानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुमी वयनीले सांगू नका," तो म्हणाला. "बसा आता. बाजारभाव राह्यले हायेत."

मी बसलो. तो गेला त्या वर्षापर्यंत पुष्कळ संध्याकाळी बसलो. पण कुसुमला सांगितलं नाही. त्यानंच नको म्हटलं होतं, ही सबब माझ्याजवळ होती, आणि तिच्याआड मी चाळीसेक वर्षं काढली. परवा बाजारात एक जुने शेजारी भेटले. निघता निघता म्हणाले, "डेहणकर माणूस चांगला होता हो, पण गुरुजींचा रेडिओ जाळला त्यानं." मी नेहमीप्रमाणे मान हलवली, आणि भाजी न घेताच घरी आलो.

म्हणून हे लिहिलं. दुसऱ्या कोणी वाचायच्या आधी ते कुसुमनं ऐकायला हवं. आत्ताच ती दारात येऊन म्हणाली, "काय लिहून राह्यले तुमी सकाळपासून?"

"बस," मी म्हटलं. "वाचून दाखवतो."

ती समोर येऊन बसली आहे, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. "वाचा मंग," म्हणते.